ऋण कुणाचे?

आमच्या शाळेच्या क्रिकेट संघाचा कप्तान एके दिवशी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला नि खाली मान घालून म्हणाला, "सर, पुण्याच्या क्लबात बोलावलंय. जाऊ का?"

शालेय स्पर्धेचा अंतिम सामना आठ दिवसांवर होता. मी म्हणालो, "आधी सामना होऊ दे. ज्या शाळेनं तुला बॅट धरायला शिकवलं, तिचं काही ऋण आहे की नाही?"

पोर गप्प राहिले. रात्री मात्र मला झोप येईना. 'ऋण' हा शब्द मी त्याच्या हितासाठी उच्चारला होता, की ढालीसाठी?

गावचा गुणी खेळाडू मोठ्या शहरात गेला, की आपण त्याला कृतघ्न म्हणतो. आणि तिथे त्याचे नाव झाले, की 'आमचाच तो' म्हणून मिरवतो. पॉली उम्रीगर १९२६ साली सोलापुरात जन्मले. पण त्यांचा खेळ घडला मुंबईत. १९५५ साली हैदराबादला त्यांनी न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा काढल्या; कसोटीतले ते भारतीयाचे पहिले द्विशतक. आम्ही सोलापूरकर ते बिनदिक्कत आमच्या खात्यावर जमा करतो!

शिवाय जाणारा दर वेळी झगमगाटाकडेच जातो असेही नाही. आमच्या जिल्ह्यातल्या मिरे गावच्या किरण नवगिरे महाराष्ट्राकडून खेळल्या नि पुढे दूरच्या नागालँडच्या संघात गेल्या. २०२२ साली तिथून खेळताना त्यांनी एका सामन्यात ७६ चेंडूंत १६२ धावा केल्या आणि त्याच वर्षी त्या भारताच्या संघात आल्या. गुणाला आधी पाय रोवायला जागा लागते. ती मिळेल तिकडे तो जातो.

मग ऋण नसतेच काय? असते. पण आईबापांचे ऋण आपण घरात बसून फेडत नाही. पुढच्या पिढीला देऊन फेडतो. गावाच्या ऋणाचेही तसेच. आणि ज्या गावाने अंगण दिले, पण पुढचे मैदान त्याला देता आले नाही, त्याने वाट अडवावी कोणत्या हक्काने?

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटले, "जा बाळ, सामन्याची काळजी करू नकोस."

सामना आम्ही हरलो. कपाटातली ढालीची जागा अजून रिकामी आहे. तिकडे नजर गेली, की हळहळ वाटते. वाटेना का! ती हळहळ माझी आहे. तिचे ओझे जाणाऱ्याच्या खांद्यावर कशाला?