घर मोडताना

गोंडपिपरीचे आमचे वडिलोपार्जित मातीकौलांचे घर नवे बांधण्यासाठी यंदा उतरविले. दर उन्हाळ्यात तेथे भावंडे, भाचरे जमत. दुपारी टेंभरे-चारे खावीत, सांजेला ओसरीवर हरिपाठ म्हणावा, विधवा आत्याने सर्वांना पन्हे द्यावे, रात्री अंगणात ओळीने बाजा पडाव्यात. सागाचा खांब निघाला तसे आमचे डोळे भरून आले. हा मोहच नव्हे काय?

पंढरीचेच पाहा. २०२४ साली गाभाऱ्याचे काम निघाले. १५ मार्चपासून थांबलेले पदस्पर्श दर्शन २ जूनला सुरू झाले. चैत्री वारी मुखदर्शनावरच झाली. मागाहून बसविलेल्या फरश्या निघाल्या, मूळ पाषाण उघडा झाला. देव मात्र जागेवरच उभा! तेव्हा मोडण्यात पाप नाही. मोडताना कोणाची जागा गेली, ते पाहावे.

आमच्या नव्या नकाशात चार भावांच्या चार खोल्या होत्या. ओसरी नव्हती. आत्या जन्मभर ओसरीवरच निजली, म्हणून तिची खोली कोणाला सुचलीच नाही. खांबासाठी आम्ही रडलो, आणि माणसाला विसरलो! बाबांनो, मोहापेक्षा हा दोष मोठा.

नकाशा पुन्हा काढविला आहे. आधी आत्याची खोली आणि ओसरी. मग आमच्या खोल्या.