भूजलाचे अनुमान आणि त्याची उपाधी

भूजल हा प्रत्यक्षाच्या कक्षेबाहेरचा विषय आहे. विहिरीत दिसते ते त्याचे एक टोक. कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, त्या शिरोळच्या ऊसपट्ट्यात अतिसिंचनाने जमिनी क्षारपड झाल्या आहेत. अशा शेतीत पिकाने न उचललेले नत्रखत नायट्रेटच्या रूपाने खाली झिरपते. पिण्याच्या पाण्यात त्याची भारतीय मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे. जैवउपचार, म्हणजे जिवाणूंकरवी शुद्धीकरण, हा त्यावरचा एक मार्ग होय. परंतु जमिनीखाली जिवाणू हे काम करतील हे आधीच कशावरून मानावे, हा प्रश्न प्रमाणशास्त्राचा, म्हणजे ज्ञानाच्या खरेपणाच्या विचाराचाही आहे.

प्रयोगशाळेत त्या जागेची माती व पाणी बंद बाटलीत ठेवून नायट्रेट घटण्याचा वेग मोजतात आणि तो भूजलप्रवाहाच्या संगणकी प्रतिमानाला जोडून पुढील वर्षांचे भाकीत करतात. न्याय या भारतीय तर्कदर्शनाच्या भाषेत बाटली हा दृष्टान्त, म्हणजे दाखला, आणि भाकीत हे अनुमान. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह या न्यायग्रंथात अग्नीवरून धुराचे अनुमान सदोष ठरवले आहे, कारण धूर ओल्या इंधनावर अवलंबून असतो. अशा आड दडलेल्या अटीला उपाधी म्हणतात. जिवाणू आहेत म्हणून नायट्रेट घटेल, या अनुमानालाही ऑक्सिजनचा अभाव आणि सेंद्रिय कार्बनचा पुरवठा अशी उपाधी आहे. बाटलीत दोन्ही जुळवून आणता येतात. येथील बेसाल्टमध्ये मात्र पाणी मुरमातून व खडकाच्या भेगांतून वाहते, पावसाळ्यात ऑक्सिजन घेऊन उतरते, आणि प्रक्रिया अर्धवट राहिल्यास अधिक घातक नायट्राइट साचू शकते. सलग सच्छिद्र थर गृहीत धरणारे प्रतिमान भेगांच्या खडकात म्हणूनच सर्वाधिक चुकण्याचा संभव असतो.

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, ज्ञानाचे प्रामाण्य परतः मानतात, म्हणजे ज्ञान स्वतःच स्वतःला सिद्ध करत नाही, त्यावर विसंबून केलेली कृती सफल झाली की ते खरे ठरते; पाण्याच्या ज्ञानाची कसोटी तहान भागण्यात आहे. येथे ती कसोटी पिणाऱ्यांवर, त्यातही नायट्रेटने सर्वाधिक बाधणाऱ्या तान्ह्या मुलांवर, लावणे अधर्म होईल. म्हणून सफलतेची परीक्षा पिण्याआधी, निरीक्षणविहिरींतच व्हायला हवी. त्या कुठे खोदाव्यात आणि कोणती उपाधी मोजावी हे सांगण्यात प्रतिमानाचे खरे मोल आहे. अशी जैवउपचाराची योजना गावापुढे आली तर ग्रामसभेने भाकिताच्या नकाशाबरोबरच उन्हाळा व पावसाळा या दोन्ही ऋतूंतील नायट्रेट आणि नायट्राइट यांची मोजमापे मागावीत, आणि ती हाती येईपर्यंत योजनेखालील विहिरींचे पाणी पिण्यासाठी खुले करू नये.