अतिथी

दिवाळीत आपण दिवा लावतो तो दिसावे म्हणून. पण प्रकाशच कधी डोळ्यांवर पडदा ओढतो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी ज्योतिर्विदांचे लक्ष पृथ्वीजवळून जाणाऱ्या एका लघुग्रहाकडे होते. त्याची तिथी वर्षभर आधीच ठाऊक झाली होती. त्याच सकाळी रशियातील चेल्याबिन्स्कच्या आकाशात दुसराच, सुमारे २० मीटर रुंदीचा पाषाण येऊन फुटला. तो सूर्याच्या बाजूने आला, म्हणून कोणत्याही दुर्बिणीला दिसला नाही.

जे दिसलेच नाही, त्याचा दोष कोणाला द्यावा? दुर्बिणींना तरी नाही. पण लखलखाटानंतर हवेचा धक्का शहरात पोहोचायला दोनएक मिनिटे लागली. तेवढ्यात माणसे कुतूहलाने खिडक्यांशी गेली. सुमारे १५०० जण जखमी झाले, ते बहुतेक काचांनीच. एका शाळेतील शिक्षिकेलाही ते तेज कशाचे हे ठाऊक नव्हते. तिने मात्र मुलांना बाकांखाली बसविले. मुले बचावली. उभ्या राहिलेल्या बाईंना काच लागली.

अज्ञान सर्वांचे सारखेच होते. कर्तव्य मात्र एकीला आधी दिसले.

उद्याच्या दुर्बिणी सूर्याच्या अधिक जवळचेही पाहतील. तरी काही अतिथी तिथी न कळविताच येतील. तेव्हा आपण खिडकीशी असू की मुलांपाशी, एवढेच आपल्या हाती.