आजचे मनन : पाण्याची बादली

आजचे वाचन : १ करिंथ, अध्याय १२ ते १४. तिन्ही एका बैठकीत वाचा, पंधरा-वीस मिनिटं लागतील.



आज आधी एक कबुली. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या आमच्या तरुण संगतीची व्यवस्था माझ्याकडे होती. व्यवस्था म्हणजे काय, तर हॉल ठरवणं, ग्रुपवर मेसेज टाकणं, चहाचे पैसे गोळा करणं. पण मी पडलो सॉफ्टवेअरवाला. मी एक शीट बनवली. नाव, फोन, रक्तगट आणि पुढे कृपादानांचे कॉलम : शिकवणे, गायन, पाहुणचार, आरोग्यदान, संदेश, अन्य भाषा. प्रत्येकासमोर ‘होय’ किंवा ‘नाही’. कोणाला कुठली सेवा द्यावी हे कळावं, एवढाच हेतू होता. शीट सगळ्यांना दिसायची.

‘अन्य भाषा’च्या कॉलममध्ये हळूहळू ‘होय’ वाढत गेले. प्रार्थना संपली की कोणीतरी हळूच विचारायचं, “तुझं झालं का?” जसं काही पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन! संगतीत एक मुलगा होता, आमच्याच भागातला, हिंगोली जिल्ह्यातला. त्याच्यासमोर सात महिने ‘नाही’ होतं. एका रविवारी आम्ही चार-पाच जणांनी त्याच्यावर हात ठेवून तासभर प्रार्थना केली. तो घामाघूम झाला. शेवटी काहीतरी पुटपुटला. आम्ही हालेलुया म्हटलं. रात्री घरी येऊन मी लॅपटॉप उघडला आणि त्याच्यासमोर ‘होय’ टाकलं.

पुढच्या रविवारपासून तो आला नाही.

आता वचनाकडे येऊ. करिंथची मंडळी कृपादानांत कुठेच कमी नव्हती, हे पौल पत्राच्या सुरुवातीलाच मान्य करतो. आणि त्याच मंडळीत गट पडले होते, भाऊ भावाला कोर्टात खेचत होता, प्रभुभोजनाच्या वेळी एकजण उपाशी तर दुसरा प्यायलेला, अशी अवस्था होती. म्हणजे दानं भरपूर आणि माणसं तशीच. मला हे वाचून आधी बरं वाटलं, मग धडकी भरली. कारण याचा अर्थ असा की दान असणं हा माणूस देवाजवळ किती आहे याचा पुरावा होऊ शकत नाही.

तेरावा अध्याय आपण लग्नात वाचतो. सुंदर फ्रेम करून हॉलमध्येही लावतो. पण तो बसलाय कुठे ते बघा. बाराव्यात दानांची चर्चा, चौदाव्यात अन्य भाषा आणि संदेश यांचा वाद, आणि मधोमध प्रीती. पौल नवरा-नवरीशी बोलत नव्हताच. माझ्यासारख्या शीट बनवणाऱ्यांशी बोलत होता. अन्य भाषांना तो नावं ठेवत नाही, त्या तो स्वतः भरपूर बोलतो असं सांगतो. पण मंडळीत कळणारे पाच शब्द त्याला न कळणाऱ्या हजारो शब्दांपेक्षा मोलाचे वाटतात, कारण त्यांनी दुसऱ्याला काहीतरी मिळतं. आणि बाराव्याच्या शेवटी तो ओळीने प्रश्न विचारतो, सगळेच प्रेषित आहेत का, सगळेच अन्य भाषा बोलतात का. उत्तर ‘नाही’ असंच अपेक्षित आहे. माझ्या शीटमधल्या ज्या ‘नाही’ची त्या मुलाला लाज वाटत होती, तो ‘नाही’ पौलाला अगदी चालत होता.

हा प्रश्न आपल्या मराठी मंडळ्यांना नवा नाही. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठं संजीवन झालं. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचं नाव आपण यूट्यूबवर सारखं ऐकतो, ते १९०६ चं. केडगाव त्याच्या आधीचं. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली, विधवा, टाकून दिलेल्या बायका तिथे रोज जमून प्रार्थना करत होत्या. जून १९०५ मधली एक आठवण रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी नोंदवली आहे. पहाटेच्या अंधारात एका मुलीवर आत्मा उतरला. शेजारी झोपलेली मुलगी जागी झाली, तर तिला मैत्रिणीभोवती आग दिसली. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली आणि ओतणार, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की मैत्रीण जळत नाहीये.

ही गोष्ट सांगणारे सगळे त्या आगीबद्दल बोलतात. मी अलीकडे बादलीवालीचा विचार करतो. झोपेतून उठून, काही न विचारता, ती पाणी आणायला पळाली. तिला त्या क्षणी काय मिळालं होतं? माझ्या शीटमध्ये तिच्यासाठी कॉलम नव्हता.

पुढे १९०६ च्या अखेरीस तिथे अन्य भाषाही बोलल्या गेल्या. बाहेरून टीका झाली. रमाबाईंनी ते थांबवलं नाही. स्वतः रमाबाई मात्र अन्य भाषा बोलल्या नाहीत. आत्म्याच्या बाप्तिस्म्याची सर्वात आवश्यक खूण म्हणजे प्रीती, आणि बाकीची दानंही टाकून द्यायची नाहीत, अशी भूमिका त्यांनी १९०७ मध्ये लिहून ठेवली. केवढी मोकळीक आहे बघा! ज्या बाईच्या अंगणात हे घडतंय तिला ते मिळालेलं नाही, तरी तिला ना मत्सर, ना न्यूनगंड.

त्यांच्या वाट्याला भाषा आली ती वेगळ्या वाटेने. संस्कृतच्या या पंडितेने हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला ऐकून समजावं म्हणून. वर्षानुवर्षं काम चाललं. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई काम करत राहिल्या आणि ते हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. त्या कामाला मी दान म्हणू की सहनशीलता? मला ते वेगळं करता येत नाही.

गलतीकरांच्या पत्रात पौल आत्म्याचं ‘फळ’ म्हणतो, एकवचनी. दानं वाटून दिलेली आहेत, मला एक, तुला दुसरं. फळ मात्र सगळ्यांसाठी तेच. आमच्या पुसेगावकडे हळद होते (फळ नव्हे, कंद, चालवून घ्या). जूनच्या आसपास लावायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची. मधले आठ-नऊ महिने वर फक्त पानं दिसतात. धरली की नाही हे बघायला कोणी मधेच उकरत नाही. आम्ही त्या मुलाला सात महिन्यांत उकरून काढलं.

यंदा लेंटमध्ये गावी गेलो होतो. हळद शिजवायचे दिवस होते, सगळीकडे तो ओला, तिखट वास. मोटरसायकल काढून त्याच्या घरी गेलो. तो सुट्टीवर आला होता. अंगणात हळद वाळत होती. त्याच्या आईने चहा दिला. आई आत गेल्यावर मी म्हणालो, “त्या दिवशी आम्ही तुझ्यावर जबरदस्ती केली. मला माफ कर.”

तो बराच वेळ हळद पायाने सारखी करत राहिला. मग म्हणाला, “दादा, मी त्या दिवशी खोटं बोललो. नुसतं पुटपुटलो. नंतर प्रार्थनेला बसलो की तेच आठवायचं. प्रार्थनाच बंद झाली.”

यावर काय बोलायचं मला सुचलं नाही. थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, “ती शीट अजून आहे का?”

“डिलीट केली.”

“पण ट्रॅशमध्ये असेल ना?” तोही आयटीतलाच. हसला जरा.

मी तिथेच मोबाईल काढून त्याच्यासमोर बघितलं. महिना उलटून गेला होता, ट्रॅश रिकामं होतं. मग आम्ही दोघांनी मिळून हळद पलटली, उन्हं उतरेपर्यंत. प्रार्थना केली नाही. निघताना तो म्हणाला, आईसाठी प्रार्थना करा, तिचे गुडघे दुखतात.

तुम्हीही करा, ही विनंती.