तळे सर्वांचे, वेळ कुणाची?

सोलापूरची ओळख पाण्यावाचून सांगता येत नाही आणि पाण्याच्या टंचाईवाचूनही सांगता येत नाही. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी आपल्या अनुयायांसह श्रमदानाने येथे तलाव खोदला, असे परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने हिप्परग्याला एकरुखचा तलाव बांधला. पुढे भीमेवर उजनीचे धरण झाले आणि तेथून शहरापर्यंत जलवाहिनी आली. तरीही नळाला कोणत्या वारी, किती वाजता पाणी येणार हे सोलापूरच्या गृहिणीला वर्षानुवर्षे पाठ करून ठेवावे लागले. पाणी कोणाचे, या प्रश्नाच्या आधी पाणी केव्हा, हा प्रश्न येथे लहान मुलालाही कळतो.

याच शहरात महापालिकेचा जलतरण तलाव आहे. पद्मशाली विणकर समाज ज्यांना आपले मूळपुरुष मानतो त्या मार्कंडेय ऋषींचे नाव त्याला दिलेले आहे. अशा कोणत्याही सार्वजनिक तलावाच्या दाराशी एक फलक असतो. सकाळच्या बॅच अमुक वाजता, महिलांची बॅच तमुक वाजता, शिकाऊ मुलांची वेळ ही, साप्ताहिक सुटी ती. पास काढणारा माणूस त्यावर नजर टाकतो, आपली वेळ टिपून घेतो आणि पुढे जातो. व्यवस्थेची ती एक साधी बाब आहे, असे आपण समजतो. परंतु थोडे थांबून वाचले तर त्या फलकावर नीतिशास्त्राचा एक जुना आणि अवघड प्रश्न लिहिलेला दिसेल. जी वस्तू सर्वांची आहे, ती प्रत्येकाची कशी व्हावी?

भाकरी वाटायची झाली तर तिचे तुकडे करावे लागतात; एकाच्या मुखात गेलेला घास दुसऱ्याला मिळत नाही. तलावाचे तसे नाही. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा तलाव घेतला, तर त्यात सुमारे पावणेपाच लाख लिटर पाणी मावते. ते पाणी कोणी पिऊन टाकत नाही, घरी नेत नाही. गाळण यंत्रातून ते पुनःपुन्हा फिरवले जाते, क्लोरीनने शुद्ध केले जाते आणि पहाटे पोहून गेलेल्याच्या मागून सायंकाळी येणाऱ्यालाही तेच भेटते. येथे वाटायचे असते ते पाणी नव्हे, वेळ वाटायचा असतो. आणि वेळेची वाटणी ही पाण्याच्या वाटणीपेक्षा अधिक नाजूक असते, कारण वेळ कोणी किती घेतला हे डोळ्यांना दिसत नाही.

यावर एक आक्षेप सहज घेतला जाईल. ज्या जिल्ह्याने १९७२ चा दुष्काळ सोसला, जेथे अजूनही उन्हाळ्यात कित्येक गावे टँकरची वाट पाहतात, तेथे पोहण्याच्या हौसेसाठी लाखो लिटर पाणी अडवून ठेवणे नीतीला धरून आहे काय? आक्षेप गंभीर आहे. पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला, याविषयी दुमत असू शकत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शुद्ध पाणी हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे स्पष्ट केले आहे. पण पोहणे म्हणजे केवळ हौस, हे गृहीतक तपासून पाहावयास हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. शालेय वयातील मुलांना पोहण्याची मूलभूत कौशल्ये शिकवणे हा त्या संघटनेने सुचवलेल्या प्रमुख उपायांपैकी एक आहे. भीमा आणि सीना या नद्यांच्या, उजनीच्या कालव्यांच्या आणि असंख्य विहिरींच्या जिल्ह्यात पोहता येणे हे जीव वाचवण्याचे साधन आहे. पूर्वी खेड्यातील मूल कमरेला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून विहिरीत शिकत असे, आणि काठावर काका नाहीतर मामा उभा असे. शहरातील मुलाला ना ती विहीर आहे ना तो मामा. त्याची जागा सार्वजनिक तलाव, तेथील प्रशिक्षक आणि जीवरक्षक घेतात. म्हणून तलाव असावा की नसावा यापेक्षा तो कोणाच्या वाट्याला येतो, हाच खरा नैतिक प्रश्न ठरतो.

पाण्याची वेळ सर्वांना सारखी मिळत नसेल तर काय होते, याचे एक चित्र संत योहानाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात आहे. यरुशलेमेत मेंढरांच्या दरवाजाजवळ बेथेस्दा नावाचे तळे होते. एकोणिसाव्या शतकापासून झालेल्या उत्खननांत संत ॲना यांच्या चर्चजवळ सापडलेली दोन जोडतळी ती हीच, असे अभ्यासक मानतात. त्याच्या पाच पडव्यांत आंधळे, लंगडे, लुळे पडून असत. पाणी हलले की जो पहिला उतरेल तो बरा होतो, अशी त्यांची श्रद्धा होती. तेथे अडतीस वर्षे आजारी असलेला एक मनुष्य येशूला भेटतो. त्याची तक्रार पाण्याविषयी नाही. आपल्याला पाण्यात सोडणारे कोणी नाही आणि आपण सरकेपर्यंत दुसराच कोणी आधी उतरतो, एवढेच तो सांगतो.

या प्रसंगावर प्रवचने पुष्कळ झाली आहेत. येथे त्यातील एकच गोष्ट पाहू. बेथेस्देचे तळे कायद्याने सर्वांना खुले होते. कोणालाही मज्जाव नव्हता, दारावर पहारेकरी नव्हता. नियम एकच होता : जो पहिला त्याचे पाणी. दिसायला हा नियम समतेचा वाटतो, परंतु तो नेहमी त्याच माणसाला जिंकून देतो ज्याचे पाय सर्वांत कमी आजारी आहेत. ज्याला पाण्याची गरज सर्वाधिक, त्याची पाळी कधीच येत नाही. वेळापत्रक नसलेल्या तळ्याची ही गोष्ट आहे. आजही जेथे फलक नसतो, किंवा असून पाळला जात नाही, तेथे धट्टीकट्टी तरुण मुले सगळे पाणी व्यापतात आणि पायरीवर पाय भिजवत बसलेले भित्रे मूल तसेच घरी जाते. त्याला कोणी हाकललेले नसते, त्याची वेळ तेवढी कोणी राखून ठेवलेली नसते.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जो नियमग्रंथ लिहिला, त्याने प्रार्थना, श्रम, वाचन आणि भोजन यांच्या वेळा बांधून दिल्या. त्या ग्रंथात स्नानाविषयीही एक नियम आहे. आजाऱ्याला गरज असेल तेव्हा स्नान द्यावे. धडधाकटांना, विशेषतः तरुणांना, ते क्वचित द्यावे. आजच्या आरोग्यदृष्टीला दुसरे अर्धे वाक्य रुचणार नाही, पण त्यामागील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. बेथेस्देला बलवान आधी होता. बेनेडिक्टच्या मठात दुर्बल आधी आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी पुढे हेच तत्त्व व्यापक शब्दांत मांडले. वस्तू सांभाळण्याचा अधिकार एखाद्याचा असू शकतो, पण तिचा उपयोग करताना ती सर्वांची आहे असे समजून गरजवंताला देण्याची तयारी असली पाहिजे.

तथापि वेळापत्रक असले म्हणजे न्याय झालाच, असेही नाही. फलक हा अन्यायाचेही हत्यार होऊ शकतो, याची साक्ष अमेरिकेतील एका तलावाने दिली आहे. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना शहरात १९१४ साली सार्वजनिक जलतरण तलाव सुरू झाला. कृष्णवर्णीय, मेक्सिकन आणि आशियाई रहिवाशांना तेथे आठवड्यातून एकच दिवस प्रवेश होता. त्या दिवसाला ‘आंतरराष्ट्रीय दिवस’ असे गोंडस नाव दिलेले होते. तो दिवस संपला की तलाव रिकामा करून धुतला जाई आणि गोऱ्यांसाठी नवे पाणी भरले जाई. वेळापत्रक होते, सर्वांची नोंद होती, आणि अपमानही दर आठवड्याला ठरल्या वेळी होत होता. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराची गोष्ट याहून खिन्न करणारी आहे. वर्णभेद बेकायदा ठरल्यावर त्या शहराने तलाव सर्वांना खुले करण्याऐवजी ते चालवणेच बंद केले, आणि १९७१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते वैध ठरवले. शेजाऱ्याबरोबर पोहण्यापेक्षा कोणीच पोहू नये, हे त्यांना बरे वाटले.

परदेशाकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलाने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचे १९२४ साली जाहीर केले. कागदावर तळे सर्वांचे झाले, आणि तीन वर्षे कोणीही त्याच्या पायऱ्या उतरू शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह तेथे पाणी प्राशन केले तेव्हा त्या लोकांवर हल्ले झाले, आणि नंतर दूध, दही, गोमूत्र, शेण यांचे १०८ घडे ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल मिळण्यास १९३७ साल उजाडले. पॅसाडेनाने तलाव धुतला, महाडने घडे ओतले. भाषा, धर्म, खंड वेगळे. पण शेजाऱ्याच्या स्पर्शाने पाणी विटाळते ही कल्पना एकच.

मग आपल्याकडील तलावांवर महिलांची वेगळी बॅच असते, तोही भेदच नव्हे काय, असे कोणी विचारील. वरवर पाहता दोन्हीकडे रेषा ओढलेली आहे, परंतु ती कोणासाठी ओढली हे पाहिले पाहिजे. पॅसाडेनाची रेषा बलवानाला दुर्बलाचा स्पर्श होऊ नये म्हणून होती. महिलांची बॅच ही ज्यांना अन्यथा पाण्यात उतरताच आले नसते त्यांना निर्धास्तपणे उतरता यावे म्हणून असते. ज्यांच्यासाठी रेषा आहे त्यांनी ती मागितली काय? त्यांना मिळालेली वेळ सोयीची आहे की इतरांनी नाकारलेली, उरलीसुरली आहे? आणि ते गेल्यावर पाण्याकडे कोणी तिरस्काराने पाहते काय? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून कोणत्याही राखीव वेळेची परीक्षा करता येईल.

त्यातील दुसरा प्रश्न सोलापुरात विशेष बोचणारा आहे. हे शहर श्रमिकांचे आहे. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी, आपली ‘जुनी गिरणी’, उभी राहिली आणि पुढे कित्येक पिढ्यांचा दिवस गिरणीच्या भोंग्याने ठरला. भोंगा हेही वेळापत्रकच होते, पण ते मालकाच्या यंत्रासाठी माणसाचा वेळ कापत असे. गिरण्यांचे भोंगे थांबले; यंत्रमाग आणि विडी राहिले. घरी विड्या वळणाऱ्या बाईची तयार माल कारखान्यात देऊन पाने व तंबाखू आणण्याची वेळ ठरलेली असते. उरलेला दिवस स्वयंपाक, नळ आणि पुन्हा विडीचे सूप यांत जातो. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला कामगार सकाळच्या बॅचच्या वेळी झोपलेला असतो. दोघांनाही तलावावर बंदी नाही. मात्र ज्याचा दिवस स्वतःच्या ताब्यात आहे अशाच माणसाला डोळ्यांपुढे ठेवून फलक लिहिला गेला, तर अडतीस वर्षे काठावर पडलेला मनुष्य पुन्हा काठावरच राहतो. या आईबापांना नाही जमले, तरी त्यांच्या मुलांना शाळेच्या वेळेस जोडून एखादी बॅच, परवडेल अशा शुल्कात, मिळू शकते. वेळापत्रक लिहिणाऱ्याने पहिली ओळ त्यांच्यासाठी लिहावी आणि मग इतरांच्या वेळा बसवाव्यात.

लिहिणाऱ्याची जबाबदारी सांगून पोहणाऱ्याला मोकळे होता येणार नाही. तलावाच्या पाण्याला येणारा झोंबरा वास आणि डोळ्यांची आग यांना आपण क्लोरीनचा, म्हणजे स्वच्छतेचा, पुरावा समजतो. वस्तुतः पोहणाऱ्यांचा घाम आणि मूत्र यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जी द्रव्ये तयार होतात त्यांचा तो वास असतो. उतरण्यापूर्वी अंगावर दोन तांबे पाणी घेऊन स्वच्छ होण्याचा आळस आपण केला, की त्याचा त्रास पुढच्या बॅचमधील अनोळखी मुलाच्या डोळ्यांना होतो. तो आपल्याला दिसत नाही, आपण त्याला दिसत नाही. अनोळखी शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा याहून साधा प्रसंग शोधूनही सापडणार नाही.

दुसरा प्रसंग शिट्टीचा. बहुतेक तलावांवर एक बॅच पाऊण तासाच्या आसपास असते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना थंड पाण्यातून वेळेवर बाहेर पडणे कोणालाच आवडत नाही. ‘अजून पाचच मिनिटे’ असे म्हणणाऱ्याला आपण चोरी करीत आहोत असे वाटत नाही, कारण त्याच्या हातात काहीच आलेले नसते. पण बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून उभ्या असलेल्या रांगेतून ती पाच मिनिटे गेलेली असतात. प्रत्येकास त्याचे देणे देत राहण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय, अशी त्या सद्गुणाची परंपरागत व्याख्या आहे. देणे म्हणजे प्रत्येक वेळी पैसाच नव्हे. कधी ते नळावरच्या दोन घागरी असतात, कधी रांगेतील जागा, कधी तलावातील पाऊण तास.

आपली मुले पोहायला जातात तेव्हा श्वास कसा धरावा, हात कसे मारावेत हे प्रशिक्षक शिकवतो. शिट्टी वाजताच कुरकुर न करता बाहेर यावे आणि पायरीवर भिऊन उभ्या असलेल्या लहानग्याला हात द्यावा, हे मात्र आईवडिलांनी घरूनच शिकवून पाठवावे लागेल. पोहणे महिन्याभरात येते. आपली वेळ संपली हे ओळखून दुसऱ्याला जागा करून देणे शिकायला पुष्कळांना जन्म पुरत नाही. लहानपणी तलावाच्या काठावर ते शिकून झाले, तर त्या मुलाला पुढे घरात, कचेरीत आणि गावाच्या पाणवठ्यावर ते उपयोगी पडेल.