मिस्त्रीसमोर चालू होणारी गाडी

कायमची बंद पडलेली गाडी दुरुस्त करणे त्या मानाने सोपे. बिघाड जागेवर बसून असतो. उघडायचे, पाहायचे, सापडला की काम संपले. खरी दमवते ती बऱ्याचदा नीट सुरू होणारी आणि मधूनच एखाद्या दिवशी शेताच्या बांधावर, बाजारात किंवा वजनकाट्यावर अडून बसणारी जुनी पिकअप. टोचन लावून तिला गॅरेजला न्यावे, तर तिथे पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू. समोर बिघाडच नाही, पण गिऱ्हाईक तर ताटकळत उभे. मग काहीतरी करायला हवे म्हणून एखादा भाग बदलला जातो. गाडी बरी चालते आणि काही दिवसांनी पुन्हा अडते.

श्रीपूरसारख्या गावात ही गोष्ट नुसत्या गैरसोयीची राहत नाही. माळशिरस तालुक्यातला हा भाग उसाचा. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली, तिचा कारखाना इथे उभा राहिला आणि त्याच्याभोवती वस्ती वाढली. आज श्रीपूर म्हटले की पांडुरंग सहकारी साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. ऊस ट्रॅक्टर-ट्रॉलीने जातो. पण केळीचे घड, डाळिंबाचे क्रेट, दुधाचे कॅन, पेंडीची पोती, मोटार जळाली तर ती रिवाइंडिंगला अकलूजला नेणे, हे सगळे पिकअपवर चालते. आमच्या घरची डिझेल पिकअप अशीच, बरीच वर्षे वापरलेली. ती अधूनमधून अडायला लागली तेव्हा चालवणाऱ्याच्या सवयी बदलल्या. गाडी उतार पाहून लावायची. माल भरेपर्यंत इंजिन चालूच ठेवायचे. एकट्याने लांब जायचे नाही, कारण धक्का मारायला माणूस हवा. बिघाड सापडत नाही तेव्हा माणूस त्याच्याशी जुळवून घेतो, आणि एकदा जुळवून घेतले की शोधणे थांबते.

आमच्याकडेही आधी बॅटरी बदलली. काही आठवडे गाडी उत्तम चालली. पुन्हा अडली तेव्हा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, काढून कार्बन आणि बुश नवे घातले. तेव्हाही काही काळ गाडी सुधारली. मग किल्लीचा स्विच झाला. प्रत्येक वेळी वाटले की आता सापडले. या तात्पुरत्या सुधारणेकडे मी नंतर पुष्कळ वेळा वळून पाहिले आहे. भाग बदलून काहीच फरक पडला नसता, तर आपण दुसरीकडे पाहिले असते. थोडा फरक पडतो म्हणून आपण तिथेच घुटमळतो.

वाट दाखवली ती कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागातून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी. गळीत हंगामात कारखाना तीन पाळ्यांत रात्रंदिवस चालतो, आणि एका पाळीत आलेला बिघाड दुसऱ्या पाळीच्या माणसाला कळावा म्हणून तो लॉगबुकात लिहावा लागतो. काकांनी पिकअपसाठी एक वही करायला लावली. डॅशबोर्डवर वही आणि दोरीने बांधलेले पेन. अडली की लिहायचे: वेळ काय, इंजिन गार की गरम, आधी किती अंतर चालली, बंद करून किती वेळ झाला होता, आणि मुख्य म्हणजे किल्ली फिरवल्यावर नेमके काय ऐकू आले.

हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. किल्ली फिरवल्यावर अजिबात आवाज नसेल, तर बारीक वायरीचा मार्ग पाहायचा: स्विच, फ्यूज, रिले, सोलेनॉइडकडे (सेल्फला जाड वायरीचा करंट जोडून देणाऱ्या स्विचकडे) जाणारी वायर. ‘टक्’ असा आवाज येऊन पुढे काही हालत नसेल, तर सोलेनॉइडने आपले काम केले आहे आणि संशय प्रामुख्याने जाड वायरीच्या मार्गावर: बॅटरी, तिचे टर्मिनल, सेल्फ आणि अर्थिंग. सेल्फ इंजिन जोरात फिरवतोय पण ते पेट घेत नाही, असे असेल तर विजेचा विषय बाजूला ठेवून डिझेलकडे जायचे: लाइनमध्ये हवा शिरली का, फिल्टर तुंबला का, पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडला करंट पोहोचतो का. तीन अगदी वेगळे आजार आहेत आणि आपण मिस्त्रीला तिन्हींसाठी एवढेच सांगतो की गाडी स्टार्ट होत नाही.

अधूनमधून येणाऱ्या दुखण्याचा हा प्रश्न गाड्यांच्या फार आधीपासून वैद्यांपुढे होता. एक दिवसाआड किंवा दोन दिवस सोडून चढणाऱ्या तापांना आयुर्वेदाने विषमज्वरात तृतीयक, चतुर्थक अशी नावे दिली. कारण कळायच्या आधी वेळापत्रकाची नोंद झाली होती. पुढे 1880 साली लाव्हरान या फ्रेंच डॉक्टरला अल्जीरियात सैनिकाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी दिसला आणि त्यानंतर ते वेळापत्रकही उलगडले. ठरावीक तासांनी परजीवी तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतात, तेव्हा ताप चढतो. ज्यांनी नुसते ‘ताप येतो-जातो’ म्हणून न सोडता कितव्या दिवशी येतो हे लिहून ठेवले, त्या अनाम वैद्यांबद्दल मला मोठा आदर वाटतो.

आमच्या वहीतूनही वेळापत्रक दिसू लागले. पहाटे गार इंजिनला गाडी जवळजवळ कधीच अडत नव्हती. लांबचा प्रवास करून तासाभराने सुरू केली तरी ठीक. अडायची ती गरम इंजिन बंद करून थोड्याच वेळात पुन्हा किल्ली फिरवली तर. दर वेळी ‘टक्’ एवढाच आवाज. अर्धा तास सावलीत उभी राहिली की पुन्हा सुरू. उन्हाळ्यात प्रमाण जास्त. आणखी एक नोंद होती, जी कोणालाच महत्त्वाची वाटली नव्हती: अॅक्सिलरेटरची केबल जाम झाली, बदलली. आणि पुढे काही पानांनी पुन्हा तीच नोंद.

उष्णतेचा संबंध समजण्यासारखा आहे. तांब्याचा रोध तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की सुमारे 0.4 टक्क्यांनी वाढतो. इंजिन बंद केल्यावर पंख्याची आणि वाऱ्याची हवा थांबते, त्याच्याजवळचा सेल्फ अधिकच तापतो. 60 अंशांची वाढ झाली तर त्याच्या गुंडाळीचा रोध जवळपास चतुर्थांशाने वाढला. ज्या मार्गात सगळे ठीक आहे तिथे गाडी एवढे सहज खपवून घेते. आधीच कुठेतरी अडथळा असेल, तर तोल जातो. म्हणजे उष्णता हे कारण नव्हते. लपलेले कारण ती उघडे पाडत होती.

ते कारण आषाढात सापडले. तुकाराम महाराजांची पालखी अकलूजहून निघाली की माळीनगरला उभे रिंगण होते आणि पुढे श्रीपूरवरून ती बोरगावला मुक्कामाला जाते. त्या दिवशी पिकअपमधून आम्ही वारकऱ्यांसाठी पाण्याचे जार आणि केळी वाटत होतो. माणसांच्या चालीने, थांबत थांबत. कारखान्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि ती अडली. एरवी लगेच चार जण धक्का मारतात, इंजिन पेट घेते आणि तपासण्यासारखे काही उरत नाही. त्या दिवशी समोरून दिंड्यांमागून दिंड्या चाललेल्या, रस्त्यावर गाडी ढकलायला जागाच नव्हती. बिघाड हजर होता आणि त्याला घालवून देण्याची कोणालाही घाई नव्हती. काका घरून मल्टीमीटर घेऊन चालत आले.

त्यांनी केलेली तपासणी इथे नीट सांगतो, कारण ती कोणालाही करता येते. आधी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरे इंजिनच्या उघड्या, स्वच्छ धातूवर. मग किल्ली फिरवायला सांगायचे आणि त्या दोन-तीन सेकंदांत आकडा वाचायचा. जोडणी चांगली असेल तर तिथे व्होल्टचा थोडासा अंश दिसतो, 0.2 किंवा 0.3. आमच्या मीटरने 3 च्या वर आकडा दाखवला. पूर्ण भरलेल्या बॅटरीचे 12.6 व्होल्ट धरले, तर त्यातला मोठा वाटा सेल्फला मिळण्याऐवजी परतीच्या वाटेवर जिरत होता. काकांनी अॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावायला सांगितले. ती चांगलीच गरम होती. चॅसिस आणि इंजिन यांना जोडणारी जाड अर्थिंग पट्टी वीज नीट वाहून नेत नव्हती, म्हणून करंट मिळेल त्या धातूतून, त्या बिचाऱ्या केबलच्या तारेतूनही वाट काढत होता. केबल जाम का होत होती, याचे उत्तर तिथेच मिळाले.

पट्टी वरून धडधाकट होती. बोल्ट काढल्यावर खाली गंज, त्यावर कधीतरी मारलेला रंग आणि पट्टीच्या टोकाशी तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या. पूर्वीही कोणीतरी ती मीटरने तपासली होती आणि ओहममध्ये शून्य दाखवले होते. त्यात तपासणाऱ्याचा दोष नाही. साधा मीटर रोध मोजताना अतिशय किरकोळ करंट सोडतो, 0.015 ओहम त्याला दिसतच नाही. सेल्फ मात्र 200 अँपिअर ओढू पाहतो आणि 200 गुणिले 0.015 म्हणजे 3 व्होल्ट. निवांत उभ्या गाडीत जे नाही, ते ओझे पडल्यावर आहे. ‘दिवे झळझळीत आहेत म्हणजे वायरिंग चांगले’ हा रस्त्यावरचा समजही त्यामुळे टिकत नाही. आमच्या गाडीत दिव्यांचा करंट चॅसिसवरूनच बॅटरीकडे परततो, त्याला ही पट्टी ओलांडावी लागत नाही. किल्ली फिरवल्यावर दिवे फारसे मंदावत नव्हते, हीच खरे तर खूण होती. सेल्फकडे पुरेसा करंट जात असता तर ते मंदावले असते.

मला सर्वांत समाधान झाले ते मागच्या सगळ्या अर्धवट सुधारणा उलगडल्या याचे. डायनॅमोचा करंटही याच पट्टीवरून परततो, म्हणून बॅटरीला चार्जिंग थोडे कमीच मिळत होते. नवी, भरलेली बॅटरी आली की काही आठवडे निभावायचे. सेल्फच्या दुरुस्तीने तर आम्हाला पुरते चकवले होते. पट्टीचे एक टोक सेल्फच्याच बोल्टखाली दाबलेले होते. सेल्फ काढून बसवताना ते हलले, घासले गेले, घट्ट आवळले गेले आणि श्रेय मिळाले नव्या कार्बनला. कोणी फसवले नव्हते. प्रत्येकाच्या हातून काहीतरी खरेच सुधारले होते, पण बिघाड त्या ‘टक्’ आवाजाच्या वेळी, हजर असताना, कोणी मोजला नव्हता.

नवी पट्टी, दोन्ही जागा पॉलिश पेपरने पांढऱ्या होईपर्यंत घासणे, दात्याचे वॉशर, वरून ग्रीस. खर्च बॅटरीच्या किमतीपुढे नगण्य. केबल पुन्हा जाम झालेली नाही.

आता जे सांगायचे आहे ते गाडीमालकांना. आपल्याकडे गॅरेजमध्ये भागाचे पैसे मिळतात आणि भाग काढण्या-बसवण्याची मजुरी मिळते. शोधण्याचे काही मिळत नाही. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक किंवा मोटर मेकॅनिक होऊन आलेल्या मुलाला व्होल्टेज ड्रॉप मोजायला शिकवलेले असते. पण तासभर गाडी तापवून, ती अडेपर्यंत वाट पाहून, शेवटी ‘बोल्ट घासला’ एवढेच त्याने सांगितले तर आपण त्याच्या हातावर किती ठेवतो? तेवढ्या वेळात सेल्फ उतरवला तर त्याचा दिवस निघतो. अशा व्यवहारात तो भाग बदलणार, यात नवल नाही. ‘अजून सापडले नाही, गाडी दोन दिवस ठेवून जा’ असे सांगणाऱ्या मिस्त्रीला आपण कच्चा समजतो. माझ्या मते तो मिस्त्री जपण्यासारखा आहे.

म्हणून विनंती आहे. जुनी गाडी मधूनमधून अडत असेल तर तिच्यात एक वही ठेवा आणि चालवणाऱ्याला ती लिहू द्या. मिस्त्रीकडे जाताना कोणता भाग बदलायचा हे ठरवून जाऊ नका. काय ऐकले, केव्हा ऐकले ते सांगा. आणि त्याने बिघाड शोधला, तर एकही भाग लागला नसला तरी शोधण्याची मजुरी त्याला वेगळी, मोजून द्या.