उचलून घेण्याचा प्रश्न

वैष्णव तत्त्वज्ञानातला एक मोठा वाद माकडाच्या आणि मांजराच्या नावाने ओळखला जातो. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगतं. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला मानगुटीला धरून हवं तिथे नेते. जीवाचा उद्धार यांतल्या कोणत्या रीतीने होतो? रामानुजांच्या परंपरेतले वडकलै मर्कटकिशोरन्याय मानतात : देवाने धरावं यासाठी माणसाने निदान हात तरी पुढे केला पाहिजे. तेन्कलै मार्जारकिशोरन्याय मानतात : उचलणारा तो, उचलायची इच्छाही त्याचीच, जीवाने फक्त नकार देऊ नये. पहिल्या बाजूला वेदान्त देशिक, दुसऱ्या बाजूला पिळ्ळै लोकाचार्य. कपाळावरच्या नामाचा आकारसुद्धा निराळा. कांचीपुरमच्या वरदराज मंदिरात पाठ कोणी म्हणायचा, हा तंटा आपल्या काळातही कोर्टापर्यंत गेलेला आहे.

यातलं काहीही मला सोलापुरात माहीत नव्हतं. मुलाच्या नोकरीमुळे बंगळूरला, बनशंकरी सेकंड स्टेजला, राहायला आले तेव्हा वस्तीचं नाव तेवढं ओळखीचं वाटलं, कारण बनशंकरी आमची कुलदेवता. मूळ ठाणं बदामीजवळ चोळचगुड्डला. तिथलं आजचं देऊळ १७५० मध्ये परशुराम आगळे या मराठा सरदाराने बांधलेलं. इथलं कनकपुरा रोडवरचं देऊळ १९१५ चं. मंगळवारी, शुक्रवारी राहुकाळात बायका लिंबाच्या फोडी पिळून, साली उलट्या करून त्यात दिवे लावतात, तशी मीही लावते. खालच्या मजल्यावरच्या मामी मात्र कधी येत नाहीत. त्या मेलकोट्याकडच्या अय्यंगार, पक्क्या तेन्कलै. नारायणाखेरीज दुसऱ्या दैवताकडे जायचं नाही, असा त्यांचा नेम. मला जिन्यात मांजरीसमोर बसलेली पाहून त्यांनीच हा सगळा वाद कन्नडमध्ये समजावून सांगितला, आणि निकालही लगेच देऊन टाकला : ‘बघा, मांजरच बरोबर आहे.’

ते मांजर, आमची मनी, तेव्हा कुणाच्याही हाताला लागत नव्हतं. पार्किंगमधल्या स्कूटरांखाली वाढलेली, पुरती वयात आलेली मादी. वाटीतलं खायची, पण हात पुढे आला की भिंतीवर. तिला उचलून घेता यावं असं मला वाटत होतं ते लाडासाठी नव्हे. रेबीजची लस द्यायची तर दवाखान्यात न्यायला हवं, दिवाळीच्या फटाक्यांत आत आणायला हवं, आजारी पडली तर तपासायला हवं. जे आपल्याला उचलू देत नाही, त्याला संकटातून काढता येत नाही. हे कळलं तेव्हा मामींचा वाद माझ्यासाठी पोथीतला राहिला नाही.

मांजराला माणसाच्या हाताची सवय लागते ती फार लहानपणी. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात पिल्लं रोज थोडा वेळ हाताळून नंतर पाहिलं की ती माणसाच्या मांडीवर किती वेळ थांबतात. ज्यांना दिवसाला जास्त वेळ हाताळलं होतं ती जास्त वेळ थांबली. मनीचे ते आठवडे कधीच निघून गेले होते. मोठ्या मांजराला हे शिकवता येतं, पण सगळं त्याच्या वेळेने.

मराठी माणसाकडे या वादात घालायला एक तिसरा प्राणी आहे. आपल्या संतांची कासवी पिल्लांना पाजत नाही, उचलत नाही, नुसत्या दृष्टीने वाढवते. देवळाच्या सभामंडपातलं दगडी कासव ओलांडताना आजी मला हेच सांगायची. मनीच्या बाबतीत सुरुवात तिथूनच झाली. मी लांब बसायचे, तिच्याकडे रोखून बघायचं नाही, डोळे सावकाश मिटून सावकाश उघडायचे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये हेच तपासून दाखवलं : अशी संथ उघडझाप केली तर मांजर तशीच उघडझाप परत करतं, आणि अनोळखी माणसाच्या हाताकडे यायलाही जास्त राजी होतं. स्पर्शाच्या आधी दृष्टी, हा क्रम मला अजून पटतो.

मग बोट. नाकासमोर धरायचं, वास घेऊ द्यायचा, तिने स्वतः गाल घासला तरच गालाला आणि हनुवटीखाली खाजवायचं. पोटाकडे जायचं नाही. पाठीवरची कातडी थरथरली, शेपटीचं टोक आपटायला लागलं, कान आडवे झाले की हात काढून घ्यायचा. त्यानंतर एक तळवा पुढच्या पायांमागे छातीखाली नुसता ठेवायचा आणि काढायचा. दुसरा मागच्या पायांखाली. मागच्या पायांना आधार नसला की मांजर घाबरतं, कारण पळायचं बळ त्या पायांत असतं. जमिनीपासून चार बोटं उचलायचं, लगेच खाली ठेवायचं, चारही पाय टेकले की उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. (तो मी स्वयंपाकघराबाहेरच्या शेगडीवर करते.) सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिने धडपड करायच्या आधी तिला खाली ठेवायचं. सोडलं जाणार याची खात्री पटली की थांबणं वाढतं. दोन श्वासांचं मिनिट झालं, आणि एकदा तिने माझ्या कोपरात हनुवटी टेकली.

इथेच मला मामींशी भांडावंसं वाटतं. मानगुटीला धरलं की पिल्लू पाय आणि शेपूट आखडून शांत लटकतं, ही पिल्लाची उपजत प्रतिक्रिया. आई काही आठवडेच त्याला तसं नेते, मग स्वतःच सोडून देते. मोठ्या मांजराच्या मानगुटीला चिमटा लावला तर तेही बऱ्याचदा निपचित होतं. २००८ मध्ये ओहायोतल्या पशुवैद्यांनी हे नोंदवलं आहे. तरीही मांजरांच्या डॉक्टरांचा आजचा सल्ला असा की मोठ्या मांजराला मानगुटीला धरू नये. निपचित पडलेलं मांजर विसावलेलं असेलच असं नाही, भीतीने थिजलेलंही असू शकतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मग ज्याला आपण शरणागती म्हणतो ती यांतली कोणती? शतकानुशतकं दोन्ही पक्ष पिल्लाकडे बघत राहिले, त्याने काही करायचं की नाही यावर वाद घालत राहिले. मला वाटतं, धरणाऱ्या हाताकडे बघायला हवं. नकार न देणं हे नकार देता येत असेल तेव्हाच खरं. जो हात सोडायला तयार नाही, त्याच्यातली शांतता शरणागती नव्हे. माझा देव सोडू शकणारा आहे, आणि म्हणून त्याच्याकडे जावंसं वाटतं.

मामींनी हे नीट ऐकलं आणि मान हलवली. ‘मांजर मोठं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘जीव देवापुढे कधी मोठा होत नाही.’ मग त्यांनी लोकाचार्यांची कथा सांगितली. १३२३ च्या सुमारास दिल्लीच्या सुलतानाचं सैन्य श्रीरंगमवर आलं तेव्हा वृद्ध लोकाचार्य रंगनाथाची उत्सवमूर्ती घेऊन रानावनातून दक्षिणेला निघाले आणि मदुरैजवळ ज्योतिष्कुडीला त्यांनी देह ठेवला. जीवाला काही करायचं नसतं असं शिकवणाऱ्या माणसाने देवालाच उचलून नेलं! देशिकांनी तेव्हा प्रेतांमध्ये लपून श्रुतप्रकाशिकेची पोथी वाचवली आणि ते आपल्या कर्नाटकात, सत्यगालला आले, असं परंपरा सांगते. मूर्ती मेलकोट्याला आणि तिरुमलैला राहून १३७१ मध्ये श्रीरंगमला परतली. त्या पळापळीत मर्कट कोण आणि मार्जार कोण, हे मला सांगता येत नाही. मामींना त्यात काहीच अवघड वाटत नाही.

लशीच्या दिवशी मनी टोपलीत जाईना. मी तिला टॉवेलात गुंडाळून उचललं, ती ओरडत असताना, तिची परवानगी नसताना. तो धरणारा हात सोडणारा नव्हता. मामी जिन्यात उभ्या होत्या. बोलल्या काहीच नाहीत, पण त्यांचा मुद्दा मला पोहोचला. जीव वाचवण्यासाठी न विचारता उचलावं लागतं, हे मी मान्य करते. एवढंच म्हणते की अशा उचलण्याचा अधिकार आधीच्या सगळ्या सोडण्यांतून येतो, आणि तो वापरला की पुन्हा हनुवटीपासून सुरू करावं लागतं. मनीच्या बाबतीत तसंच करावं लागलं. देवालाही असं पुन्हा सुरू करावं लागतं का? मामींच्या मते हा प्रश्नच चुकीचा. वैरमुडीच्या उत्सवाला त्या मला मेलकोट्याला नेणार आहेत. तिथे त्यांचे एक म्हातारे नातलग पाठशाळेत शिकवायचे, त्यांना हा प्रश्न विचारायचं मी ठरवलं आहे.